पायोनियर एसएक्स-७८० भंगारात? आधी हे वाचा मग द्या

खडेबाजार_सोल्डर :
काल पायोनियरच्या एका जुन्या स्टीरिओ रिसीव्हरबद्दल (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प आणि रेडिओ एकाच डब्यात) एकाची पोस्ट वाचली. "बाबांनी मस्कतहून आणलेला पायोनियर एसएक्स-७८० माळ्यावर पडलाय. वॅट फक्त ४५, ब्लूटूथ नाही, उचलायला दोघं लागतात. हजार-दीड हजारात तळहाताएवढा शंभर वॅटचा अ‍ॅम्प येतो, मग हे धूड कशाला? रविवारी भंगारवाल्याला देतोय." खाली सगळे बरोबर बरोबर म्हणून अंगठे देऊन मोकळे. तिथं दोन ओळी टाकून माझं भागेना म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी वॅटचं. अमेरिकेत १९७४ ला एफटीसीने (तिथल्या व्यापार आयोगाने) नियम केला की कंपनीने पॉवर लिहायची तर डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकदम चालवून, सलग, किती ओमच्या स्पीकरला, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि आवाज किती बिघडू देऊन (डिस्टॉर्शन) ते सगळं लिहायचं. त्याआधी एक तासभर एक तृतीयांश पॉवरवर सेट तापवायचा. म्हणून त्या काळातले ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) एवढे जड. एसएक्स-७८० चे ४५ वॅट म्हणजे ८ ओमला, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०५ टक्के डिस्टॉर्शनच्या आत. आता तुमचा तो शंभर वॅटवाला. त्यात बहुतेक वेळा टीपीए३११६ चिप असते. तिचे ५०-५० वॅट हे ४ ओमला आणि १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले आहेत. १० टक्के म्हणजे आवाज फाटलेला असतो ओ! आणि सोबत लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर दिला असेल तर तेवढंही निघत नाही.

दुसरं, फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची सोय. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवतात, ते परत जागेवर आणायचं काम फोनो स्टेज करते. ती या सेटमध्ये आहे, छोट्या डब्यात नाही. वेगळी घ्यायला गेलात तर तुमची बचत तिथंच संपली. शिवाय टेप मॉनिटर (टेप डेक जोडून ऐकायची सोय), दोन जोड स्पीकर, कमी आवाजात बास भरून काढणारं लाऊडनेस बटण... हे सगळं घरात असताना माणूस किलोच्या भावाने देतो म्हणतोय, मला बघवत नाही.

अनगोळकर :
ती पोस्ट माझीच. वॅटचा मुद्दा मान्य, जाहिरातीत फेकतात. खरं माझी खोली दहा बाय बारा आहे. ४५ आणि ३० वॅटमध्ये दोन डेसिबलचासुद्धा फरक नाही, कानाला काय कळणार? आणि बाबांचा सेट माळ्यावर टाकला तेव्हा व्होल्यूम फिरवला की खर्र खर्र, डावा स्पीकर मनात आलं तर वाजायचा. मी माझ्या घरातल्या वस्तूचं काय करायचं ते विचारायला आलो नव्हतो.

खडेबाजार_सोल्डर :
खरखर म्हणजे पॉटवर (व्होल्यूमच्या बटणामागच्या फिरत्या भागावर) धूळ आणि गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा फिरवायचं. डावा चॅनेल जातो-येतो ते बहुतेक स्पीकरच्या रिलेचे (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत नाहीतर सिलेक्टर स्विच. यात सेट मेला असं काय आहे? फक्त गंज काढायचा म्हणून घरातला तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारू नकोस, पॉट खराब होऊ शकतो.

शहापूर_टेस्टबेंच :
सोल्डर भाऊ, एक गोष्ट तुम्ही सोयीने गाळलीत. एसएक्स-७८० च्या आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत, एसटीके-००५० चे पॅक आहेत, म्हणजे सगळे ट्रान्झिस्टर एकाच बंद तुकड्यात. ते आता बनत नाहीत आणि बाजारात 'ओरिजिनल' म्हणून येतात ते बरेचसे नकली. माझ्याकडे एकाने असाच सेट आणला होता, दुसऱ्या कुणीतरी नकली पॅक घालून दिलेला, अर्ध्या तासात वास आला. जुनं ते सगळं दुरुस्त होतं ही समजूत लोकांच्या डोक्यात घालू नका. आणि हल्लीच्या डॅकचे (फोन-कॉम्प्युटरचा डिजिटल आवाज अ‍ॅम्पला देणाऱ्या डब्याचे) २ व्होल्ट याच्या ऑक्स इनपुटला दिले की व्होल्यूम जरा हलवला की घर दणाणतं, कारण इनपुट दीडशे मिलिव्होल्टसाठी बनवलेला आहे.

खडेबाजार_सोल्डर :
पॅकचं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. खरं पॅक गेलाय असं कुणी सांगितलं? डावा अडखळत का होईना, दोन्ही चॅनेल वाजत होते. न गेलेल्या पार्टचं रडगाणं आत्ताच का? आणि डॅक फोनवरून थोडा कमी ठेवला की झालं.

निपाणीचा_विन्या :
एवढं सगळं बोललात, आणि रिसीव्हरमधला रेडिओ कुणालाच आठवला नाही! ट्यूनर आहे म्हणून तर त्याला रिसीव्हर म्हणतात. मी हौसेने जपानमधून आलेला एक सेट घेतला, विकणाऱ्याने चकार शब्द काढला नाही, घरी येऊन बघतो तर १०० व्होल्टचा आणि एफएमची डायल ७६ ते ९०! तिकडचा तेव्हाचा बँडच तो. आपलं ८८ ते १०८. कोल्हापूर आकाशवाणी १०२.७, निपाणीत साध्या वायरीवर खणखणीत येतं, ते या हजारो रुपयांच्या सेटवर कधीच लागणार नाही. अनगोळकर, तुमचा मस्कतचा सेट १०८ पर्यंत आहे, त्याची किंमत मला विचारा.

चिकोडी_काका :
एफएमचं काय घेऊन बसलाय. या सेटांचा एएम ऐका. मागची ती फेराइटची काळी दांडी बाहेर ओढून फिरवली की धारवाड ७६५ आणि सांगली १२५१, दोन्ही समोर बसून बोलल्यासारखी. आमच्या घरात सकाळच्या पुण्याच्या बातम्या सांगलीवरून आणि रात्री शास्त्रीय गाणं धारवाडवरून. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते, त्या केंद्राचा दर्जाच वेगळा. आमचे वडील अशाच सेटवर सिलोन लावायचे, सगळी गल्ली ओट्यावर.

निपाणीचा_विन्या :
काका, सिलोन शक्यच नाही. ते आपल्याकडे शॉर्टवेव्हवर यायचं आणि या रिसीव्हरांना शॉर्टवेव्ह नसतो. एएम आणि एफएम, बस्स. तुम्ही ऐकलं असेल ते व्हॉल्वच्या रेडिओवर. आणि धारवाडचं एवढं कौतुक सांगताय, आमच्या आजीला त्यातलं कन्नड अक्षर कळायचं नाही, आमच्या घरात काटा सांगलीवरून हलायचा नाही.

चिकोडी_काका :
शॉर्टवेव्हचं घे तुला. रेडिओ मर्फीचा असेल. खरं आजीला कळत नव्हतं म्हणजे धारवाड वाईट झालं काय? रागाला भाषा लागत नाही बाळा. कुमार गंधर्व कुठले? आपल्या सुळेभावीचे. गंगूबाई, भीमसेन, मन्सूर, सगळे याच मातीतले. मराठी घरात धारवाड लावलं म्हणून आमचं मराठीपण कमी झालं नाही, आणि ते तू मला शिकवू नकोस.

निपाणीचा_विन्या :
मी मराठीपणाचा विषयच काढला नाही काका. ज्या माणसाला बातम्या, शेतीचा कार्यक्रम आपल्या भाषेत हवा त्याला सांगली हवीच, एवढंच. इथं सरकारी कागद कळत नाही, निदान रेडिओ तरी कळावा की नाही?

खानापूर_घाट :
भांडताय कशासाठी, दोन्ही स्टेशनं आता घरात नीट ऐकू येतात का ते सांगा. आमच्याकडे खानापूरच्या पुढे पूर्वी सांगलीपेक्षा पणजी साफ यायचं. आता घराघरात एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर. एएमवर नुसतं घर्र. मी खात्री करून घेतली, मेन स्विच पाडला आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर लावला, आवाज काचेसारखा. मेन चालू केला, परत घर्र. पायोनियर असो नाहीतर मरांट्झ, रिसीव्हर किती का चांगला असेना, घरातला स्वस्त एलईडी त्याचा एएम मारून टाकतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

शहापूर_टेस्टबेंच :
हे शंभर टक्के खरं. आणि तो तळहाताएवढा अ‍ॅम्पसुद्धा स्विचिंगचाच, म्हणजे आत वीज भराभर चालू-बंद करणारा, तोही अशीच घर्र करतो. बाजूला रेडिओ ठेवून बघा.

अनगोळकर :
मी भंगाराचं विचारलं, तुम्ही सांगली-धारवाडपर्यंत पोचलात. बरं, ऐका. काल रात्री सेट खाली उतरवला. बाबा शेजारी येऊन बसले, त्यांनीच कव्हर पुसलं आणि मला म्हणाले मीटरचे काटे हलतात ते दाखव. मी अजून पिन घातलेली नाही. भंगारवाल्याला पुढच्या रविवारी ये म्हटलंय. माझं मत बदललंय असं समजू नका, बाहेरच्या खोलीत तो छोटा अ‍ॅम्पच राहणार, आईला फोनवरून भजन लावायला तोच बरा. आणि एसटीके गेलेला निघाला तर मी त्यात एक रुपया घालणार नाही.

खडेबाजार_सोल्डर :
आईला तोच राहू दे, त्याला कुणाची ना नाही. आता पिन घालायच्या आधी दोन गोष्टी. मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघ, मस्कतचा आहे म्हणजे २२० नाहीतर २४० वर असायला हवा. आपल्याकडे २४० वरच ठेव. कुणी खेळता खेळता ११०-१२० वर फिरवला असेल आणि तू पिन घातलीस तर मग मीसुद्धा काही करू शकत नाही.

दुसरं, सरळ लाईनवर लावू नकोस. शंभर वॅटचा जुना काचेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाक, एलईडी चालणार नाही. स्पीकर काढून ठेव. चालू केल्यावर बल्ब भपकन पेटून मंद झाला आणि काही सेकंदांनी आतून रिलेचा टक् आवाज आला तर निम्मी लढाई जिंकली. बल्ब तसाच लख्ख राहिला तर ताबडतोब बंद कर आणि सेट घेऊन माझ्याकडे ये, पैशाचं नंतर बघू. बाबांनाही घेऊन ये.

शहापूर_टेस्टबेंच :
आणि टक् आला तरी स्पीकर लगेच जोडू नका. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, दोन्ही चॅनेल. पन्नास मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर आकडा इथं टाका. पॅक शिल्लक आहे की गेलाय ते मग मी सांगतो, सोल्डर भाऊंनी नाही.