जुन्या वस्तऱ्याच्या मुठीला भेगा: दुरुस्त करावी की नवी बसवावी?

प्रश्न

आजोबांच्या सामानातून माझ्याकडे घडीचा एक वस्तरा आला आहे. त्याची मूठ पिवळसर व काहीशी आरपार दिसणारी असून तिच्यावर कासवाच्या पाठीसारखे तपकिरी डाग आहेत, आणि खिळ्याभोवती बारीक भेगांचे जाळे पसरले आहे. घडी केल्यावर पात्याचा जेवढा भाग मुठीच्या आत जातो, तेवढ्यावरच गंज चढला आहे. बाहेर राहणारी शेपटी स्वच्छ आहे. मूठ शिंगाची असावी असे समजून ती तेलात भिजवावी आणि भेगा बुजवाव्यात, असा माझा विचार आहे. खिळे न काढता हे काम होईल का?

पहिले उत्तर

तेल तूर्त बाजूलाच ठेवावे, कारण आपण गंजाची जी जागा सांगितली आहे, तीवरून ही मूठ शिंगाची नसून सेल्युलॉइडची असावी असा दाट संशय येतो. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी १८७० साली या पदार्थाचे पेटंट घेतले. कासवाचे कवच आणि हस्तिदंत यांची हुबेहूब नक्कल त्यातून स्वस्तात करता येऊ लागल्यामुळे वस्तऱ्यांच्या मुठींसाठी तो पुढे सर्रास वापरला गेला. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. ते जुने होऊन विघटित होऊ लागले की नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल बनते, आणि ते आम्ल सर्वांत जवळच्या पोलादाला, म्हणजे मुठीत मिटलेल्या पात्याला, खाऊ लागते.

खात्री करण्यासाठी मुठीचा कोपरा अंगठ्याने गरम होईपर्यंत चोळून लगेच हुंगावा. कापराचा वास आला तर शंका उरत नाही. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात; तो मुळीच मानू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

दुसरे उत्तर

खिळे काढावेच लागतील, मग मूठ कशाचीही असो, कारण आतला गंज मूठ न उघडता नीट निघत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पात्याच्या धारेवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यावेत. ही पायरी मी एकदाच टाळली होती आणि तिची खूण अजून बोटावर आहे. त्यानंतर एका बाजूच्या खिळ्याचे फुगीर डोके बारीक कानशीने हळूहळू घासावे, वॉशर सुटा झाला की थांबावे, आणि मुठीखाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवून खिळा बारीक पंचाने दुसऱ्या बाजूला काढावा. मूठ दोन पट्ट्यांची असते; खिळा वाकलेला असेल तर तो ठोकून बाहेर काढण्याच्या नादात त्यांतली एखादी पट्टी फुटते. अशा वेळी त्याच्या मध्यावर खूण करून १ मिलिमीटरच्या ड्रिलने तो पोखरणे बरे. पाते ज्या खिळ्यावर फिरते, त्याच्या विरुद्ध टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पाचर असते, ती जपून ठेवावी. ती शिशाची असून तिच्यावर पांढरी भुकटी धरलेली असेल, तर कोरडे घासू नये आणि हात धुतल्याशिवाय दुसरे काही करू नये.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मात्र सेल्युलॉइड म्हटले की ते टाकूनच द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या मुठीला भेगा नाहीत, वास नाही आणि आतल्या पात्यावर गंज नाही, ती पाण्याने ओल्या केलेल्या ६०० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने घासून चमकवता येते व पुढे उघड्या, हवेशीर जागी ठेवता येते. बंद डबीत ठेवल्यास तिचाच वायू तिला आणखी सडवतो.

मूठ शिंगाचीच निघाली, तर आपला तेलाचा बेत योग्य ठरेल. वाकलेले शिंग गरम पाण्यात मऊ होते आणि दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून थंड केले की सरळ राहते. किड्यांनी कुरतडलेले खड्डे शिंगाचाच भुसा व सुपरग्लू यांनी भरता येतात, फक्त ते तेल लावण्यापूर्वी भरावेत, नाहीतर गोंद धरत नाही. हाडाला आणि हस्तिदंताला यांतले काहीही लागू नाही. त्यांना भिजवले तर तडे जातात.

प्रश्नकर्ता

अंगठ्याने चोळून पाहिले. कापराचा वास तर आलाच, शिवाय त्याखाली काहीसा आंबट, झोंबणारा दर्पही होता. खिळे काढल्यावर एक पट्टी हातातच तुटली. आता नवी मूठ करावी लागणार. तिच्यात चूक नेमकी कुठे होते, हे कळले तर बरे होईल.

दुसरे उत्तर देणारे

चूक पाचरीत होते. जुन्या पट्टीचे तुकडे जुळवून कागदावर आकार उतरवावा, सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या लाकडाच्या वा शिंगाच्या दोन पट्ट्या एकमेकींना तात्पुरत्या चिकटवून भोके एकदमच पाडावीत, म्हणजे ती समोरासमोर येतात. पाचर टोकाकडे जाड आणि आतल्या बाजूला निमुळती घासावी. ती सपाट राहिली तर पट्ट्यांना हलका बाक येत नाही, आणि पाते मधोमध न मिटता एका बाजूला टेकते. नवा खिळा १.६ मिलिमीटरच्या पितळी तारेचा घ्यावा, वॉशरच्या बाहेर तो जेमतेम १ मिलिमीटर ठेवावा, आणि हलक्या हातोडीने दोन्ही बाजू आलटून पालटून, कडेकडेने ठोकत जावे. पाते कोणत्याही कोनात उघडून सोडले असता तिथेच थांबले, की आणखी एकही टोला घालू नये.