मदत हवी आहे: १५ हजारांचा स्ट्रायकर घ्यावा का?

मंडळी, नेरुळमधल्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून हे लोढणं माझ्याच गळ्यात आलंय. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी एक नावाजलेला स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल करणारा खेळाडू, यायला तयार आहे. मागतोय १५ हजार, गाडीभाडं वेगळं. आमच्याकडे आहेत एकूण ३२ हजार, त्यात टर्फचं भाडं अजून द्यायचंय.

पोरं हरखलीत. "काका, हालांड बघा!" खरंय, मँचेस्टर सिटीने २०२२ मध्ये घेतला आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३६ गोल. पण मी पडलो चेल्सी क्लबचा चाहता. जानेवारी २०११ मध्ये ५ कोटी पौंड मोजून त्यांनी स्ट्रायकर टोरेस आणला, आणि त्या मोसमात चेल्सीसाठी १८ सामन्यांत गोल किती? एक! तोही डबक्यात चेंडू अडकला तेव्हा.

शिवाय आमच्या क्लबचं दुखणं वेगळंच आहे. गोल होतात, पण शेवटच्या दहा मिनिटांत खातोही तितकेच. गेल्या रविवारी गोलकीपरने ग्लव्ह्जना वायरिंगची काळी टेप गुंडाळली होती. आणि आमचा सध्याचा स्ट्रायकर उलव्याहून पहाटे निघून येतो, एक पैसा घेत नाही. त्याला कुठल्या तोंडाने बाकावर बसवू?

ज्यांनी असे खेळाडू आणलेत त्यांनी सांगा: पैसे आधी द्यायचे की सामन्यागणिक? आणि ऐन सेमीफायनलला तो दुसऱ्याच संघाकडून उतरला तर काय करायचं? शनिवारपर्यंत त्याला कळवायचंय.