मदत हवी आहे: पुढचे ब्रेक पॅड बदलताना डिस्कही बदलू का?

नमस्कार मंडळी. घरच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. डाव्या चाकाचा आतला पॅड जेमतेम २ मिमी उरलाय, बाहेरचा मात्र ५ मिमीच्या आसपास आहे. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेत. एकाच चाकावर एवढा फरक म्हणजे कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या पकडीची) स्लाइड पिन, म्हणजे ती पकड ज्यावर सरकते ती पिन, अडकली असावी, असा माझा अंदाज. पिन साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं की पुरेल, की पॅडला ढकलणारा पिस्टनही तपासायला हवा? पिस्टन आत ढकलूनच पाहायचा ना?

खरा पेच डिस्कचा, म्हणजे पॅड जिला दाबतात त्या चाकासोबत फिरणाऱ्या चकतीचा आहे. कडेला बोटाला लागेल एवढी धार आलीय. जोरात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्कवर किमान जाडी २० मिमी कोरलेली आहे आणि मोजमाप येतंय २०.४. मेकॅनिक म्हणतो, लेथवर घासून घेऊ. पण घासल्यावर ती किमान जाडीच्या खाली जाईल, त्यामुळे मला ते पटत नाही. या गाडीत मुलंबाळं, म्हातारे आईवडील बसतात, ब्रेकच्या बाबतीत मला जुगाड नकोय. दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच बदलायच्या हे नक्की.

नवीन डिस्क बसवण्याआधी हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंज काढूनही थरथर राहिली, असा कुणाचा अनुभव आहे का? असेल तर शेवटी कारण काय निघालं? शिवाय नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसेपर्यंत गाडी कशी चालवावी, ब्रेक किती जोरात लावावा, हेही कृपया सांगा.