प्रतिसाद: बारापेडेचं वटवाघूळ

वर कुणीतरी म्हटलंय, सस्तन प्राणी सगळे मोजून झाले, आता उरलेत ते किडेच. किड्यांचं खरं आहे, पण मोजून झाले म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलंच बघा. तळेवाडी-कृष्णापूरकडच्या जंगलात बारापेडेची गुहा आहे. तिथल्या वटवाघळाला ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमसनं 1913 साली शास्त्रीय नाव दिलं, ओटोमॉप्स रॉटनी. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते रॉटन वनखात्यातले अधिकारी, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाशी जोडलेले. या वटवाघळाचे कान केवढाले! कपाळावर एकमेकांना जुळलेले, पुढं नाकाडाच्याही बाहेर आलेले. मानेमागं फिकट करडा पट्टा.

पुढं जवळजवळ नव्वद वर्षं हे जगात फक्त इथंच आहे असं मानत होते. मग 2000 च्या आसपास ते कंबोडियात सापडलं, पाठोपाठ मेघालयातल्या गुहांत. नाव नोंदलं 1913 ला, पण राहतं कुठं याची यादी अजून लांबतेच आहे. (हे जंगल भीमगडचं; आमच्या लोकांना मात्र भीमगड म्हटलं की वाघच हवा.)

भीमगड अभयारण्य जाहीर झालं 2011 साली. गुहेत उगीच टॉर्च घेऊन शिरू नका एवढंच, वटवाघळं बिथरतात.