उत्तर: उत्तर: मंडळाचा कॅमेरा, शुक्रवारपर्यंत कळवा

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
शनिवारी एकांकिका आहेत आणि मागच्या वेळचा प्रकार पुन्हा नको. खजिनदारांनी कॅमेऱ्याला मंजुरी दिली आहे. माझ्या डोक्यात सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आहे. खिशात मावतो, २४ ते २०० मिलिमीटर झूम (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), म्हणजे मागच्या रांगेतूनही चेहरे येतील. महाग आहे, पण वसूल होईल का? शुक्रवारपर्यंत कळवा. हो की नाही एवढंच लिहिलंत तरी चालेल.

प्रेषक: खजिनदार

मंजुरी दिलेली नाही. "बघू" म्हणालो होतो, इतिवृत्त काढून बघा.
फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या किमतीत बदलत्या लेन्सचा कॅमेरा येतो, त्या किमतीत हे काडेपेटीएवढं प्रकरण घ्यायचं कशासाठी, हे कुणीतरी मला समजावून सांगा. शिवाय कपाटात दोन कॅमेरे आधीच पडून आहेत. त्यातल्या एकाचा चार्जर कुणाकडे आहे, हे मी तिसऱ्यांदा विचारतोय.

प्रेषक: प्रकाशयोजनावाला

सचिव, हो-नाहीत मावणारं उत्तर नाही हे.

मागच्या फोटोंतली कंदील घेऊन गर्रकन वळणारी मुलगी आठवते? मागे भिंतीला टेकलेला म्हातारा लख्ख आलाय, धोतराच्या निऱ्या मोजता येतील, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता फिकट पट्टा. फोन वाईट नव्हता. अंधारात फोन एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो आणि जुळवतो. म्हाताऱ्यावर ते जमतं, मुलीवर नाही. तिला धरायचं तर शटर सेकंदाच्या १/२५० भागाच्या आसपासच उघडं हवं, आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड आत यायला हवा. तो ठरतो सेन्सरवर (चित्र टिपणारी चिप) आणि लेन्सवर.

सोनीच्या या आरएक्स१०० कॅमेऱ्यांचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटर. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता त्याच्या निम्म्याहून मोठा असतो, काही फोनांत तर तेवढाच. म्हणजे झूम न करता काढायचे असतील तर खजिनदारांचं बरोबर आहे, फोन पुरे. पण झूम केला की फोन एकतर दुसऱ्या, लहान सेन्सरवर जातो, नाहीतर आहे तेच चित्र कापून मोठं करून दाखवतो. तिसऱ्या रांगेतून चेहरा हवा असेल, तर जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात.

आता मार्क ७. त्याची लेन्स एफ २.८ ला सुरू होते आणि लांबच्या टोकाला ४.५ वर जाते. (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितका उजेड जास्त.) त्याआधीच्या मार्क ३, ४, ५ ची लेन्स २४ ते ७० एवढीच, पण १.८ ते २.८. म्हणजे ७० च्या टोकालाही २.८. एफ २.८ आणि ४.५ यांत उजेडाचा फरक अडीच पट आहे. भर उन्हात २०० चा झूम मजेचा. मी निळा लाइट लावल्यावर तोच झूम म्हणजे जास्त पैसे मोजून अंधार घरी आणणं.

माझं मत विचाराल तर वापरलेला मार्क ५ घ्या, आणि फोटो काढणाऱ्याने खुर्ची सोडून पुढे यावं. मार्क ३ स्वस्त पडेल, पण धावणाऱ्या पोरांमागे त्याचा फोकस धापा टाकतो. मार्क ५ मध्ये फेज डिटेक्शन आहे, म्हणजे हलणाऱ्या माणसावर फोकस झटकन बसवायची सोय.

प्रेषक: ध्वनी

पुढे यावं म्हणजे नेमकं कुठे? माझ्या टेबलाजवळ नाही, आत्ताच सांगतो. गेल्या खेपेला कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि दुसऱ्या प्रवेशात नायिका मुकी झाली. आणि ते टिक-टिक, बीप-बीप माइकमध्ये येतं. सायलेंट मोड असेल तरच कॅमेरा हॉलमध्ये आणा.

प्रेषक: प्रकाशयोजनावाला

बीप बंद करता येतो. सायलेंट मोड मात्र मुळीच नको. त्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, ते चित्र ओळीओळीने वाचतं, आणि आपले एलईडी दिवे डोळ्यांना दिसत नसलं तरी लुकलुकत असतात. फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मागे कुणीतरी "पडद्याला सुरकुत्या पडल्यात" म्हणून पडदा धुवायला दिला होता, ते हेच. या कॅमेऱ्यांचं साधं शटर लेन्समध्येच असतं, त्याचा आवाज पान उलटल्याएवढाही होत नाही.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

दुकानवाले याला "एक इंचाचा सेन्सर" म्हणतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. वर लिहिलेले आकडे घेऊन मी कर्ण काढला, तो जेमतेम १६ भरतो. ही फसवणूक नाही का? सर्वांनी विचार करावा.

प्रेषक: प्रकाशयोजनावाला

काका, हिशेब तुमचा चोख आहे. हे माप टीव्हीच्या जुन्या व्हिडिकॉन नळ्यांच्या काळातलं. काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, आत चित्र पडायची जागा साधारण १६ मिलिमीटर. नळ्या गेल्या, नाव चिकटून राहिलं.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन धरून विकतात. माझ्या कार्यकाळात आम्ही रोलवर फोटो काढायचो. छत्तीस म्हणजे छत्तीस. ३६ × २४ मिलिमीटर म्हणजे तेवढंच. सगळे अल्बम क्रमवार लावलेले माझ्याकडे आहेत, कुणी बघायला मागत नाही.

प्रेषक: युवा विभाग

फुजीचा एक्स१००व्हीआय बघितला का कुणी? २०२४ चा आहे, ४० मेगापिक्सेल, सेन्सर याच्या तिप्पट, लेन्स एफ २. दिसतोही भारी.

प्रेषक: प्रकाशयोजनावाला

दिसतो भारीच. झूम नाही. तिसऱ्या रांगेतून अख्खं नेपथ्य येईल आणि माणसं बोटाएवढी. कापून मोठं करता येतं, पण त्यासाठी कुणीतरी दुसऱ्या दिवशी संगणकापाशी बसायला हवं. युवा विभाग बसणार का?

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई

मला त्या एफ-बिफमधलं कळत नाही. एक अनुभव सांगते. असाच महागडा छोटा कॅमेरा मी तीन वर्षं पर्समध्ये टाकून फिरवला. पर्समध्ये खडू, रुमाल, बिस्किटाचा चुरा. एक दिवस बघते तर प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी राखाडी ठिपका. लेन्स पुसली, काही नाही. धूळ आत सेन्सरवर बसली होती. लेन्स आत-बाहेर होते तेव्हा हवा ओढते म्हणे, आणि ती निघत नसल्यामुळे फुंकर मारायलाही जागा नाही. पूर्ण उघडावा लागतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो तसाच परत आणला. आता ठिपका ढगावर येईल असा फोटो काढते.

तेव्हा वापरलेला घेणार असाल तर आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा, छिद्र अगदी बारीक करून. आणि ठेवायला बंद पाऊच घ्या. तो शाळेच्या कपाटात राहील, किल्ली माझ्याकडे आहेच.

प्रेषक: खजिनदार

> तो शाळेच्या कपाटात राहील

मालमत्ता मंडळाची आहे, किल्ली कार्यकारिणीकडे असते. बाकी वापरलेल्याची किंमत कळली तर विचार करू. "करू" म्हणालोय, सचिवांनी नोंद घ्यावी.

प्रेषक: सचिव

नोंद घेतली. प्रकाशयोजनावाल्यांच्या मेव्हण्याकडे मार्क ५ आहे, तो गुरुवारच्या तालमीला आणतील. निळ्या लाइटमध्ये, तिसऱ्या रांगेतून, कंदीलवालीच्याच मुद्रेवर खजिनदारांनी स्वतः दहा फोटो काढावेत, शेजारी स्वतःच्या फोननेही दहा. मग ठरवू. ध्वनीच्या टेबलापासून लांब.

प्रेषक: काका (माजी अध्यक्ष)

अल्बम शोधताना चार्जर सापडला. पण दोन्ही कॅमेऱ्यांना बसत नाही.