मदत हवी आहे: डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असलेल्या पेशंटची मळमळ कधी गंभीर धरायची?

मेडिसिन वॉर्डला येऊन मला चार महिने झालेत. परवा नाइटला एक आजी होत्या. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित), डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दोन्ही चालू. दोन दिवस जेवण जात नव्हतं, मळमळ होती. 'वयामुळे असेल' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीसुद्धा. पहाटे म्हणाल्या, "सिस्टर, दिवा पिवळा का दिसतोय?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला: ही डिगॉक्सिनची टॉक्सिसिटी (औषधाची विषबाधा) असू शकते. स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर ऐकू येणारे ठोके) मोजला: ५६, आणि चक्क नियमित. एरवी त्यांची नाडी कायम वेडीवाकडी, त्यामुळे आधी बरंच वाटलं मला! पण अशा पेशंटची नाडी मंद होऊन अचानक नियमित होणं हेही टॉक्सिसिटीचंच लक्षण असू शकतं. सकाळचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन केला. पोटॅशियम आलं ३.१, म्हणजे कमी. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम उतरतं आणि ते उतरलं की डिगॉक्सिनचा परिणाम जास्त चढतो, हे परीक्षेत लिहिलं होतं की मी. आजी आता ठीक आहेत.

सीनियर ताई-दादांना विचारायचंय, अशा पेशंटची साधी मळमळ आणि टॉक्सिसिटीची मळमळ तुम्ही बेडसाइडला कशी ओळखता? पल्स ६० च्या खाली नसेल, पण भूक गेली असेल, तर डोस देण्याआधी डॉक्टरांना कळवता का? आणि हँडओव्हरमध्ये (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देताना) नेमकं काय सांगता? आमच्याकडे नुसतं 'व्हायटल्स स्टेबल' म्हणतात, त्यात नाडीची लय बदलली हे कुणाला कळणार?