कथा लिहायच्या आधी आराखडा किती करायचा?

कासवचाल:
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून एक कथा डोक्यात घोळतेय, मर्यादा अडीच हजार शब्द. एसटी कंडक्टरचा नोकरीतला शेवटचा दिवस, भोर-स्वारगेट फेरी, आणि त्याच गाडीत त्याचा मुलगा पॅसेंजर म्हणून चढतो, दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही. एवढंच. आधी नीट सगळं ठरवूया म्हणून वही घेतली तर तिची २२ पानं भरली, त्याचं बालपण, लग्न, भांडण कशावरून, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली इथपर्यंत सगळं, आणि कथेचं पहिलं वाक्य अजून नाही. आता तर लिहायचाच कंटाळा आलाय, गोष्ट सांगून झाल्यासारखं वाटतंय. तुम्ही आराखडा करता का? किती?

उगाचच:
मी नाही करत बाई. सरळ लिहायला बसते, पहिला खर्डा भिकार होतो, होऊ दे. मग समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक ओळ लिहायची, इथे काय घडलं. जिथे "काही नाही, ती खिडकीतून बघते" एवढंच लिहिता येतं तिथे काट. मागच्या कथेतली सहा पानं अशी गेली, त्यात आजीच्या फडताळाचं वर्णन होतं, फार जीव होता माझा त्यावर.

तिठा:
उगाचचचं बरोबर आहे पण तिला सवय आहे, नव्या माणसाचा खर्डा अर्ध्यात बसतो. आणि कासवा, तुझा आराखडा एसटीनेच करून ठेवलाय की! भोर, कापूरहोळ, नसरापूर फाटा, खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. प्रत्येक थांब्यापुढे एक ओळ लिही, इथे बापलेकात काय बदललं. काहीच बदलत नसेल तर तिथे गाडी थांबवूच नको, डबल बेल मार आणि पुढे चल. सहा थांबे म्हणजे थांब्याला जेमतेम चारशे शब्द, त्यात बालपण बसत नाही आणि १९४८ तर नाहीच नाही. वही फेकू नको पण, कपाटात ठेव. भांडण कशावरून हे तुला पक्कं माहीत असलं की बाप सुटे पैसे परत देताना हात कसा पुढे करेल ते आपोआप येतं. आणि साल आधी ठरव, तिकिटांचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा जमाना की मशीनचा? चिमट्याची टकटक अख्ख्या गाडीला ऐकू जायची, बाप मागून एकेक सीट पुढे येतोय हे पोराला मान न वळवता कळेल.

चहाटळ:
मधेच एक शंका. कंडक्टरच्या घरच्यांना पास मिळतो ना? मग पोरगा तिकीट का काढेल? वाचणाऱ्यांत एक जरी एसटीवाला निघाला तर पहिलं हेच विचारेल.

तिठा:
@चहाटळ, बोंबला. पण हे भारी आहे.

कासवचाल:
अरे देवा, हे २२ पानांत कुठेच नव्हतं! पास खिशात आहे आणि तरी तो पन्नासची नोट काढतो. मग भांडणाचा खुलासा लिहायलाच नको. काल रात्री बसलो, नसरापूर फाटा उडवला, खेड शिवापूरला नुसती एक म्हातारी पाटी घेऊन चढते तेवढं ठेवलंय. पहिलं वाक्य पण आलं, बाप मान वर न करता विचारतो, "बोला, कुठं?" साल चिमट्याचंच. फक्त कात्रजला अडकलोय, जुन्या घाटाने नेऊ की नव्या बोगद्यातून?

उगाचच:
साल अजून थोडं मागे ने, म्हणजे बोगद्याचा प्रश्नच नाही. घाटानेच जाऊ दे, गाडी हळू चढते.